पडद्यामागचा दिवा

श्रोतेहो, घरातील एखादा दिवा नीट चालत नसेल, तर आपण प्रथम काय करतो? आधी बटण पाहतो, मग तार पाहतो, आणि सर्वांत शेवटी दिवा बदलण्याचा विचार करतो. हा क्रम आपल्याला कोणी शिकविलेला नसतो. तो अनुभवाने अंगवळणी पडलेला असतो. परंतु हाच दिवा लॅपटॉपच्या पडद्यामागे दडलेला असला, म्हणजे आपला धीर सुटतो, आणि ज्या वस्तूला सर्वांत शेवटी हात लावावयाचा, तिच्यावरच आपण प्रथम पैसे खर्च करावयास निघतो. आज मी याच पडद्यामागच्या दिव्याविषयी बोलणार आहे. लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपचा प्रकाश कमीजास्त होईनासा झाला, तर त्याचे कारण कसे शोधावे, हा आजचा विषय.

हा विषय मला सुचला तो माझ्या वर्गातील एका मुलामुळे. त्याला नात्यातील कोणाकडून एक जुना, सुमारे २०११ सालचा लॅपटॉप मिळाला होता. त्या वयोवृद्ध यंत्राला नवी विंडोज प्रणाली पेलवेना, म्हणून कोणी जाणत्याने त्यावर लिनक्स बसवून दिले. यंत्र पुन्हा तरतरीत झाले. पण पडदा मात्र सदैव पूर्ण तेजाने जळत राही. प्रकाश कमी करण्याची कळ दाबली, की पडद्यावर सूर्याचे चित्र उमटे, त्याखालची पट्टी आज्ञाधारकपणे लहान होई, आणि प्रकाश मात्र तसूभरही कमी होत नसे. एकाच खोलीचे घर. रात्री धाकटी भावंडे शेजारी झोपलेली. मुलाच्या डोळ्यांतून पाणी येई, आणि वीज गेली की बॅटरी तासाभरात संपून जाई. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांनी 'पडदा बदलावा लागेल' असा निर्णय दिला आणि जी रक्कम सांगितली, ती त्या घराला झेपणारी नव्हती. 'बाई, रात्रीचा अभ्यास मी आता बंदच करतो,' असे तो मुलगा म्हणाला, तेव्हा मी तो लॅपटॉप शनिवारी घरी घेऊन आले.

मी यंत्रज्ञ नव्हे, शिक्षिका आहे. परंतु विद्यार्थ्याचे गणित चुकले, की ते कोणत्या पायरीवर चुकले हे शोधण्याची सवय मला आहे. आणि या कामी तीच उपयोगी पडली.

प्रथम पडदा उजळतो कसा, हे समजून घेऊ. बहुतेक लॅपटॉपचा पडदा हा द्रवस्फटिकांचा असतो. या स्फटिकांना स्वतःचा प्रकाश नसतो. खिडकीच्या झडपांप्रमाणे ते मागून येणारा प्रकाश अडवितात किंवा पुढे सोडतात, एवढेच त्यांचे काम. मागचा प्रकाश पूर्वी एका बारीक नळीदिव्यातून येत असे; पुढे त्याची जागा पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या ओळीने घेतली. या दिव्यांचे तेज कमी करण्याची एक रूढ पद्धत मोठी मौजेची आहे. दिवा एका सेकंदात शेकडो वेळा, कधी हजारो वेळा, लावला आणि विझविला जातो. तो जितका अधिक वेळ विझलेला, तितका पडदा आपल्याला मंद भासतो. काही नव्या लॅपटॉपांचे पडदे 'ओलेड' जातीचे असतात. तेथे प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असल्यामुळे मागे दिवाच नसतो. परंतु जुन्या आणि मध्यम किमतीच्या यंत्रांत आपली गाठ या मागच्या दिव्याशीच पडते. लॅपटॉपच्या बॅटरीचा मोठा वाटाही तोच खात असतो. म्हणून प्रकाशाचा प्रश्न हा डोळ्यांइतकाच बॅटरीचाही प्रश्न आहे.

आता मुख्य मुद्दा. हा दिवा एक. पण त्याचे बटण माझ्याच हाती आहे असे सांगणारे अनेक. पहिला हक्कदार म्हणजे यंत्रात कारखान्यातच बसविलेली मूळ आज्ञावली, जिला फर्मवेअर म्हणतात. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून 'एसीपीआय' नावाचा एक करार प्रसिद्ध केला. वीज, बॅटरी, झोप-जाग यांबाबत प्रणालीने यंत्राशी कसे बोलावे, याचे ते नियम. प्रकाश कमीजास्त करण्याचा एक मार्ग त्यांतून जातो. दुसरा हक्कदार म्हणजे विशिष्ट कंपनीच्या लॅपटॉपसाठी लिहिलेला खास ड्रायव्हर. तिसरा म्हणजे चित्र रेखाटणाऱ्या चिपचा, म्हणजे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर. हा दिव्याच्या विद्युत्पुरवठ्याशी थेट बोलतो.

या तिघांत एकवाक्यता असती, तर आजच्या भाषणाचे प्रयोजनच उरले नसते. पण लॅपटॉप बनविणारे आपले यंत्र बहुधा विंडोजवर तपासून बाजारात आणतात. विंडोज ज्या वाटेने जाते, ती वाट ते झाडून पुसून साफ ठेवतात. उरलेल्या वाटा कागदोपत्री असतात, प्रत्यक्षात त्यांवर काटे पडलेले असतात. २०१२ साली विंडोजची आठवी आवृत्ती आली, तेव्हा याचा मोठाच प्रत्यय आला. प्रकाशासाठी विंडोज फर्मवेअरवर पूर्वीसारखे विसंबेनासे झाले, आणि कित्येक नव्या लॅपटॉपांतील तो मार्ग न तपासताच राहून गेला. यंत्र सुरू होताना फर्मवेअर विचारते, 'तू विंडोजची अमुक आवृत्ती ओळखतोस काय?' यंत्राचे व्यवहार सुरळीत व्हावेत म्हणून लिनक्स 'होय' म्हणते. त्या एका होकारापायी अनेकांच्या प्रकाशाच्या कळा निकामी झाल्या. म्हणजे दोष ना दिव्याचा, ना वापरणाऱ्याचा. तो दोन पक्षांमधील समजुतीच्या घोटाळ्याचा होता.

लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, पुढे यावर पुष्कळ उपाय योजले. विशेषतः डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीत, एका पडद्यासाठी एकच बटण नोंदवावे, अशी व्यवस्था करण्यात आली. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत मात्र एकाच दिव्याची दोन-दोन बटणे शेजारी शेजारी दिसत, आणि कोणते खरे हे ज्याचे त्याने ठरवावे अशी स्थिती होती. माझ्यापुढील लॅपटॉपवर जुनी आवृत्ती होती. ज्यांची प्रणाली जुनी आहे, त्यांनी ती अद्ययावत करून पाहणे, किंवा ताजे लिनक्स पेनड्राइव्हवरून तात्पुरते चालवून पाहणे, हा म्हणूनच सर्वांत सोपा पहिला प्रयोग होय. त्याने यंत्रातील काहीही पुसले जात नाही. पेनड्राइव्हवरून प्रकाश नीट बदलला, तर पडदा निर्दोष आहे हे तेथेच सिद्ध झाले.

परंतु आपण पायरीपायरीने जाऊ. पहिली पायरी म्हणजे बिघाड कोठे आहे त्याची जात ठरविणे. डेस्कटॉपच्या कोपऱ्यातील यादीत प्रकाशाची एक सरकती पट्टी असते. ती माउसने सरकवावी. पट्टीने प्रकाश बदलतो, पण कळेने बदलत नाही, असे असेल, तर दिव्याचा काही संबंध नाही. दोष कळेचा आहे. पुष्कळदा ती कळ 'एफएन' ही कळ दाबून धरल्यावरच चालते, किंवा डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये ती कळ प्रकाशाशी जोडलेली नसते. पट्टीच नाहीशी झाली असेल, तर प्रणालीला दिव्याचे एकही बटण सापडलेले नाही. आणि पट्टी सरकते, पण प्रकाश ढिम्म राहतो, असे असेल, तर प्रणालीने चुकीचे बटण हाती धरले आहे. आमच्या लॅपटॉपचा आजार हा तिसरा होता.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष बटणे पाहणे. लिनक्सची एक गोष्ट मला फार आवडते. यंत्रातील उपकरणे तेथे फायलींच्या रूपाने उघडी मांडलेली असतात. 'सिस' नावाच्या फोल्डरात 'क्लास', आणि त्यात 'बॅकलाइट' असे एक फोल्डर आहे. टर्मिनल उघडून त्यात काय आहे ते पाहावे. हे शब्द यंत्रावर अर्थातच रोमन अक्षरांत लिहावयाचे. मी येथे केवळ उच्चार सांगत आहे. आमच्या यंत्रात तेथे दोन नावे निघाली. एक 'एसीपीआय व्हिडिओ शून्य', म्हणजे फर्मवेअरचे बटण. दुसरे 'इंटेल बॅकलाइट', म्हणजे ग्राफिक्स चिपचे. एएमडीच्या यंत्रात 'एएमडीजीपीयू' या अक्षरांनी सुरू होणारे नाव सापडते.

प्रत्येक नावाच्या पोटात काही लहान फायली असतात. 'मॅक्स ब्राइटनेस' या फायलीत सर्वाधिक प्रकाशाचा आकडा असतो, आणि 'ब्राइटनेस' या फायलीत आताचा. हे आकडे टक्के नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. आमच्या यंत्रात फर्मवेअरच्या बटणाचा सर्वोच्च आकडा १५ होता, आणि इंटेलच्या बटणाचा ४८८२. 'टाइप' या आणखी एका फायलीत ते बटण कोणत्या जातीचे, हे लिहिलेले असते. फर्मवेअर, प्लॅटफॉर्म किंवा रॉ. जुना दंडक असा, की अनेक बटणे असतील तर डेस्कटॉपने प्रथम फर्मवेअरचे, मग प्लॅटफॉर्मचे, आणि शेवटी रॉ जातीचे बटण वापरावे. कोडे येथेच सुटले. आमचा डेस्कटॉप मान राखून वडिलधाऱ्या फर्मवेअरकडे जात होता. फर्मवेअर 'झाले' म्हणत होते. आणि करीत काहीच नव्हते.

तिसरी पायरी म्हणजे खरे बटण हाताने दाबून पाहणे. 'ब्राइटनेस' या फायलीत नवा आकडा लिहिला, की प्रकाश बदलावयास हवा. पण ती फाइल सामान्य वापरणाऱ्याला लिहिता येत नाही. प्रशासकाचा अधिकार लागतो. येथे बहुतेकजण एका जागी हमखास अडतात. 'सुडो एको' असे लिहून, पुढे आकडा, बाणाचे चिन्ह आणि फायलीचे नाव दिले, तरी 'परवानगी नाही' असे उत्तर येते. कारण असे, की सुडोचा अधिकार 'एको' या आज्ञेला मिळतो. बाणाने फायलीत लिहिण्याचे काम मात्र आपले नेहमीचे, अधिकार नसलेले टर्मिनलच करीत असते. म्हणून क्रम बदलावा. प्रथम 'एको' आणि आकडा, मग उभी रेघ, मग 'सुडो टी', आणि शेवटी फायलीचा पूर्ण मार्ग. आता लिहिण्याचे काम 'टी' करते, आणि अधिकारही त्यालाच मिळतो. मी निम्मा, म्हणजे २४४१ हा आकडा लिहिला, आणि माझ्या डोळ्यांदेखत पडदा सौम्य झाला. ज्या पडद्याला बदलण्याची शिक्षा झाली होती, तो निर्दोष सुटला.

येथे माझ्या उतावळेपणाची एक कथा सांगितली पाहिजे. यशाच्या भरात मी त्याच फायलीत शून्य लिहिले, आणि पडदा काळाठिक्कर पडला. काही यंत्रांत शून्य म्हणजे सर्वांत मंद. काहींत शून्य म्हणजे दिवा साफ बंद. क्षणभर माझ्या हातापायांतले बळ गेले. यंत्र दुसऱ्याचे, तेही एका गरीब मुलाचे. मग मी टॉर्च घेऊन पडद्यावर तिरका प्रकाश टाकला, तेव्हा अक्षरे पुसटशी दिसू लागली. चित्र शाबूत होते, केवळ दिवा मालवला होता. त्या उजेडात मी 'रीबूट' ही आज्ञा टाइप केली, आणि पुन्हा सुरू झालेला पडदा मंद का होईना, पण दिसू लागला. हे कसे घडले? 'सिस्टमडी' ही व्यवस्था यंत्र बंद होताना प्रकाशाचा आकडा जपून ठेवते आणि सुरू होताना परत बसविते. मात्र परत बसविताना तो अगदी तळाचा असला, तर सर्वसाधारणपणे कमाल आकड्याच्या पाच टक्क्यांखाली जाऊ देत नाही. कोणा दूरदर्शी माणसाने माझ्यासारख्यांचा विचार आधीच करून ठेवला होता. आपण मात्र प्रयोग निम्म्या आकड्यापासून करावा, आणि शून्याच्या वाटेला जाऊ नये.

टॉर्चची ही युक्ती अन्यत्रही उपयोगी आहे. यंत्र सुरू करताना कंपनीचे चिन्हही अंधारात राहते, आणि टॉर्चच्या उजेडात मात्र चित्र दिसते, असे असेल, तर बिघाड खरोखर दिव्याचा किंवा त्याच्या तारेचा असण्याचा संभव मोठा. तेव्हा कारागिराकडे जावे. चिन्ह लख्ख दिसते आणि लिनक्स सुरू झाल्यावरच अंधार होतो, असे असेल, तर प्रथम आज्ञावलीवर संशय घ्यावा.

चौथी पायरी म्हणजे कायमचा उपाय. दर वेळी टर्मिनल उघडून आकडे लिहिणे कोणाला जमणार? डेस्कटॉपनेच योग्य बटण धरावे, यासाठी कर्नेलला सुरुवातीलाच एक सूचना देता येते. 'एसीपीआय', मग अक्षरांच्या तळाशी येणारी आडवी रेघ, मग 'बॅकलाइट', मग बरोबरीचे चिन्ह, आणि त्यापुढे 'नेटिव्ह'. मध्ये कोठेही जागा सोडावयाची नाही. नेटिव्ह म्हणजे ग्राफिक्स चिपचे बटण वापर. त्याऐवजी 'व्हेंडर' लिहिले, तर कंपनीच्या खास ड्रायव्हरचे, आणि 'व्हिडिओ' लिहिले, तर फर्मवेअरचे.

परंतु ही सूचना एकदम कायमची लिहू नये. यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळेने 'ग्रब' ची यादी पडद्यावर आणावी, 'ई' ही कळ दाबावी, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधावी, तिच्या शेवटी एक जागा सोडून ही सूचना लिहावी, आणि कंट्रोल व एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. ही सूचना केवळ त्या एका खेपेपुरती असते. जमले नाही, तर पुन्हा सुरू केल्यावर सारे पूर्ववत. पाटीवर खडूने लिहिण्यासारखे हे आहे. उत्तर बरोबर आले, तरच वहीत उतरवावयाचे. ही वही म्हणजे 'ईटीसी' फोल्डरातील 'डिफॉल्ट' मधली 'ग्रब' नावाची फाइल. तिच्यात 'ग्रब सीएमडीलाइन लिनक्स डिफॉल्ट' अशी एक ओळ असते. तिच्या अवतरणचिन्हांच्या आत, आधीचे शब्द न पुसता, आपली सूचना जोडावी, आणि उबुंटू, डेबियन किंवा मिंट असेल, तर सुडोसह 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावी. फेडोराची रीत निराळी आहे. तेथे 'ग्रबी' ही आज्ञा वापरतात.

आता एका फसव्या उपायाविषयी सावध करते. 'एक्सरॅन्डर' नावाची आज्ञा प्रकाश कमी करते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती पडद्यावरील रंग काळपट करते. मागचा दिवा पूर्वीच्याच तेजाने जळत राहतो. दिव्यावर काळे कापड घातल्याने विजेचे बिल कमी होत नाही, तसेच हे. डोळ्यांना थोडा आराम मिळतो, पण बॅटरीची बचत होत नाही. शिवाय नव्या 'वेलँड' पद्धतीच्या डेस्कटॉपवर ती चालतही नाही. रात्री पडदा पिवळसर करणारी 'नाइट लाइट' ची सोयही रंग बदलते, दिवा नव्हे. हाताशी सोपे साधन हवे असेल, तर 'ब्राइटनेस-सीटीएल' नावाचा छोटा प्रोग्रॅम घ्यावा. तो खऱ्या बटणालाच हात घालतो.

टेबलावरच्या वेगळ्या मॉनिटरची गोष्ट मात्र निराळी. त्याचा दिवा त्याच्या स्वतःच्या पोटात असतो, म्हणून 'बॅकलाइट' फोल्डरात तो बहुधा सापडत नाही. त्याच्याशी केबलमधूनच बोलावे लागते, आणि त्यासाठी 'डीडीसीयूटिल' हा प्रोग्रॅम आहे.

श्रोतेहो, सोमवारी तो लॅपटॉप मी मुलाच्या हाती दिला. त्याने कळ दाबली, पट्टी लहान झाली, आणि या वेळी प्रकाशही पट्टीबरोबर खाली उतरला. त्याने तीन वेळा खालीवर करून पाहिले, मग विचारले, 'बाई, पडद्याला किती पैसे पडले?' पडद्याला पैसे पडले नाहीत, एक शब्द पडला, असे मी त्याला सांगितले. आणि तो शब्द कोठे लिहिला आहे, हेही त्याच्याकडून फाइल उघडून घेऊन दाखविले. पुन्हा कधी प्रणाली नव्याने बसवावी लागली, तर त्याला माझ्याकडे यावे लागू नये.

सूचना कानाआड झाल्या, तरी एवढा क्रम विसरू नये. आधी बटण, मग तार, आणि शेवटी दिवा. यंत्र 'झाले' म्हणाले, एवढ्यावर विश्वासू नये. प्रकाश खरोखर बदलला काय, ते आपल्या डोळ्यांनी पाहावे. आणि कोणी 'नवा पडदा घ्या' असे सांगितले, तर खिशात हात घालण्यापूर्वी एकदा त्या फोल्डरात डोकावून यावे.